इनबॉक्समधून मेल गेला कुठे?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न जीमेलचे होते, त्यामुळे उत्तरंही मुख्यतः जीमेलची आहेत. आउटलुक आणि याहूवाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलं आहे. स्क्रीनवर दिसणारे इंग्रजी शब्द इथे देवनागरीत छापले आहेत, पण शोधपट्टीत ते इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे, आकडेही इंग्रजीच. मधल्या कोलनच्या, म्हणजे एकाखाली एक असलेल्या दोन टिंबांच्या, पुढेमागे जागा सोडायची नाही. जागा सुटली की शोध फसतो.

मोबाइलवर मेल बघत होते. बोट लागलं आणि पेन्शनच्या कागदपत्रांचा मेल यादीतून नाहीसा झाला. मी डिलीट केलेला नाही. स्पॅममध्ये नाही, बिनमध्येही नाही. मग गेला कुठे?
निवृत्त शिक्षिका, सातारा

तो अर्काइव्ह झाला आहे. अँड्रॉइडवरच्या जीमेलमध्ये यादीतल्या मेलवर बोट आडवं फिरलं, डावीकडे काय किंवा उजवीकडे काय, की मेल अर्काइव्ह होतो. ॲप घेतल्यापासून ते तसंच लावलेलं असतं. त्या क्षणी स्क्रीनच्या तळाशी ‘अनडू’ असा शब्द काही सेकंद दिसतो, पण आपलं लक्ष वर असतं.

अर्काइव्ह म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या, पुढचा बराच त्रास वाचेल. जीमेलमध्ये इनबॉक्स हा खण नाही, ती मेलला चिकटवलेली चिठ्ठी आहे. अर्काइव्ह केल्यावर फक्त ती चिठ्ठी निघते. मेल होता तिथेच, ‘ऑल मेल’मध्ये, तारखेच्या क्रमाने पडलेला असतो. डिलीट केलेला मेल बिनमध्ये तीस दिवसच राहतो, तशी मुदतही याला नसते.

वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा दाबा, यादी खाली सरकवा आणि ‘ऑल मेल’ उघडा. मेल ज्या दिवशी आला होता त्या तारखेपर्यंत खाली जा. सापडला की उघडा, वरचे तीन ठिपके दाबा आणि ‘मूव्ह टू इनबॉक्स’ करा. कॉम्प्युटरवर शोधत असाल तर डावीकडच्या यादीत ‘मोअर’ दाबल्याशिवाय ऑल मेल, स्पॅम आणि बिन दिसतच नाहीत. पुष्कळजण इथेच अडतात. ‘ऑल’ या नावावरही फार विसंबू नका, कारण स्पॅम आणि बिनमधले मेल ऑल मेलमध्ये येत नाहीत.

पुन्हा असं होऊ नये म्हणून तीन रेघा, सेटिंग्ज, जनरल सेटिंग्ज या वाटेने ‘स्वाइप ॲक्शन्स’पर्यंत जा आणि डावी-उजवी दोन्ही बाजू ‘नन’ करा. वयस्कर माणसांच्या फोनवर हे आम्ही आवर्जून करायला सांगतो.

अजून एक शक्यता राहते. अर्काइव्ह केलेल्या मेलला नवं उत्तर आलं की तो आपोआप इनबॉक्समध्ये परततो. चुकून ‘म्यूट’ केलेला मात्र उत्तरं आली तरी परतत नाही. त्यासाठी शोधपट्टीत ‘इज:म्यूटेड’ टाका. ‘स्नूझ’ केलेला मेल ठरलेल्या वेळेपर्यंत दडून राहतो, तो ‘इन:स्नूझ्ड’ने दिसेल.

जुलै २०२२ मध्ये मुलीच्या कॉलेजची फी ऑनलाइन भरली. पावती मेलवर आली होती, ती आता हवी आहे. कॉलेजचं नाव टाकलं, ‘फी रिसीट’ टाकलं. शेकडो मेल निघतात, नेमका तो निघत नाही.
एक वाचक, डोंबिवली

तुमच्या आठवणीतले शब्द आणि त्या मेलमधले शब्द वेगळे आहेत, घोळ एवढाच आहे. ऑनलाइन फी भरल्यावर पावती बहुधा कॉलेजकडून येतच नाही. ती पैसे घेणाऱ्या मधल्या कंपनीकडून येते, म्हणजे बिलडेस्क, रेझरपे, पेयू किंवा बँकेच्या स्वतःच्या पेमेंट पानावरून. पाठवणाऱ्याच्या जागी कॉलेजचं नाव नसतं. विषयात ‘फी’ हा शब्दही असेलच असं नाही, तिथे ‘पेमेंट सक्सेसफुल’ किंवा ‘ट्रान्झॅक्शन कन्फर्मेशन’ असं काहीतरी असतं.

म्हणून शब्दांच्या मागे लागू नका, तारीख धरा. आधी पासबुक किंवा बँकेचं स्टेटमेंट काढा आणि त्या महिन्यातली फीची नोंद शोधा. दिवस आणि रक्कम दोन्ही पक्के मिळतात. समजा १४ जुलैला ४८,५०० रुपये गेले. मग शोधपट्टीत असं टाका: ‘आफ्टर:२०२२/०७/१३ बिफोर:२०२२/०७/१७’. क्रम आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. दोन्ही बाजूंना एक-दोन दिवस जास्तीचे ठेवायचे, कारण मेल एका दिवसाने पुढेमागे सरकलेला असू शकतो. एवढ्याशा खिडकीत जेमतेम वीस-तीस मेल असतील, ते डोळ्यांनी चाळता येतात.

टाइप करणं जमत नसेल तर फोनवर कुठलाही एक शब्द टाकून शोधा. पट्टीखाली फ्रॉम, टू, अटॅचमेंट, डेट अशी बटणं येतील. ‘डेट’मधून ‘कस्टम रेंज’ निवडा आणि तारखा भरा, मग टाकलेला शब्द खोडून टाका. कॉम्प्युटरवर शोधपट्टीच्या उजव्या टोकाला सरकपट्ट्यांसारखं चिन्ह असतं. ते दाबलं की पूर्ण फॉर्मच उघडतो.

रक्कमही शोधून बघा, पण दोन्ही तऱ्हांनी: एकदा स्वल्पविराम घालून ४८,५०० आणि एकदा न घालता ४८५००. त्या दिवशीचा बँकेचा एसएमएस अजून फोनमध्ये असेल तर त्यातला संदर्भ क्रमांक टाका. तो क्रमांक दुसऱ्या कुठल्या मेलमध्ये असण्याचं काही कारण नाही, त्यामुळे थेट तोच मेल निघतो.

शोधताना काही गोष्टी हमखास आड येतात. जीमेलला शब्दाचा तुकडा चालत नाही. ‘रेझर’ टाकून रेझरपेचा मेल मिळेल असं धरू नका, शब्द पूर्ण टाका. निकालांच्या वर ‘मोस्ट रेलेव्हंट’ लिहिलेलं दिसलं तर ते ‘मोस्ट रिसेंट’ करा, नाहीतर मेल तारखेच्या क्रमाने लागत नाहीत आणि चाळताना वगळले जातात. एकाच विषयाचे मेल जीमेल एकावर एक रचून एकच ओळ दाखवतं, म्हणून पाठवणाऱ्याच्या नावाजवळ ३ किंवा ५ असा आकडा दिसला तर आतले सगळे उघडून बघा. ‘हॅज:अटॅचमेंट’ हा शब्द चांगला कामाचा आहे, पण पावतीसाठी पहिल्याच फेरीत वापरू नका. पुष्कळ पावत्या मेलच्या मजकुरातच असतात, फाइल जोडलेलीच नसते, आणि मग हवा तोच मेल गाळला जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साधा शोध स्पॅम आणि बिनमध्ये बघतच नाही. शोधाच्या शब्दांना ‘इन:एनीव्हेअर’ जोडा, की दोन्ही धुंडाळले जातात. कॉम्प्युटरवरच्या फॉर्ममध्ये तळाच्या ‘सर्च’ या रकान्यात ‘मेल अँड स्पॅम अँड बिन’ निवडलं तरी तेच होतं. काहींच्या स्क्रीनवर बिनला ट्रॅश म्हटलेलं असतं, जागा तीच.

एवढं करूनही नाही निघाला तर भरताना मेलचा पत्ता कुणाचा दिला होता ते आठवा. फीचा फॉर्म मुलीने भरला असेल तर पावती तिच्या खात्यात आहे. फोनवर उजवीकडे वर गोलातल्या फोटोवर टिचकी मारली की त्या फोनमध्ये असलेली सगळी खाती दिसतात. एकेकात जाऊन तोच तारखेचा शोध पुन्हा करा.

आयकर खात्याचा जुना मेल सापडला, पण त्यातली पीडीएफ पासवर्ड मागते. मेलचाच पासवर्ड टाकला, चालत नाही.
एक वाचक, अकोला

मेलच्या पासवर्डचा इथे संबंध नाही. रिटर्नची पोचपावती आणि कलम १४३(१) चं सूचनापत्र, दोन्हींचा पासवर्ड म्हणजे पॅन क्रमांक लहान इंग्रजी अक्षरांत आणि त्याला लागून जन्मतारखेचे आठ आकडे: दिवस, महिना, वर्ष. मध्ये जागा किंवा रेघ नको. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, तेवढं सांभाळा. ई-आधारची फाइल असेल तर आधारवर छापलेल्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष.

सोसायटीचा मेल आधीचे सचिव बघायचे. त्यांनी कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर आउटलुक लावून घेतलं होतं. आता मी फोनवर तेच जीमेल खातं उघडलं तर इनबॉक्स जवळपास रिकामा. पाच वर्षांचा पत्रव्यवहार कुठे गेला?
गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, ठाणे

सर्वांत आधी, कार्यालयातला तो कॉम्प्युटर कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका किंवा बदलून टाकू देऊ नका. पत्रव्यवहार त्याच्या हार्डडिस्कवर असण्याची दाट शक्यता आहे.

आउटलुकला जीमेल दोन पद्धतींनी जोडता येतं. आयमॅप पद्धतीत मेल गूगलकडेच राहतात, कॉम्प्युटरवर त्यांचं प्रतिबिंब दिसतं. पॉप पद्धतीत आउटलुक मेल उतरवून घेतं आणि उतरवल्यावर गूगलकडच्या प्रतीचं काय करायचं ते सेटिंग ठरवतं. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, दातेरी चाक दाबा, ‘सी ऑल सेटिंग्ज’मध्ये ‘फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप’ या भागात जा. तिथे पॉपने मेल उतरवल्यावर काय करायचं याचे पर्याय आहेत. ‘अर्काइव्ह’ निवडलेलं असेल तर तुमचं काही गेलेलं नाही, फोनवर ‘ऑल मेल’ उघडा, सगळं तिथे आहे. ‘डिलीट’ निवडलेलं असेल तर मेल बिनमध्ये जात होते आणि तीस दिवसांनी कायमचे पुसले जात होते. अशा वेळी गेल्या तीस दिवसांतले बिनमधून आजच बाहेर काढा. त्याआधीचे फक्त आउटलुकच्या फाइलमध्ये आहेत. या फाइलच्या नावाचा शेवट पीएसटी असा असतो. ती पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, पण आउटलुक पूर्ण बंद करून. ते चालू असताना केलेली नक्कल बिघडलेली निघू शकते.

मग पर्याय बदलून ‘कीप जीमेल्स कॉपी इन द इनबॉक्स’ करा आणि बदल केल्यावर पानाच्या तळाचं ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. ते दाबल्याशिवाय बदल लागू होत नाही. जुना पत्रव्यवहार गूगलकडे परत चढवायचा असेल तर तेच खातं आउटलुकमध्ये आयमॅपने जोडायचं आणि जुन्या फाइलमधले मेल त्यात ओढून टाकायचे. एका वेळी दोन-तीनशेच घ्या, हजारोंनी ओढले की मध्येच अडकतं.

गेले दहा दिवस एकही नवा मेल आलेला नाही. जुने सगळे दिसतात.
एक वाचक, नाशिक

फोटोच्या गोलावर टिचकी मारा आणि खात्याखालचा जागेचा आकडा बघा. मोफत खात्याला १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज या तिघांत मिळून असते. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच जागेत मोजला जातो. कुटुंबाच्या ग्रुपवरचे व्हिडिओ बॅकअपमध्ये जात असतील तर पंधरा जीबी भरायला वेळ लागत नाही.

जागा भरली की नवे मेल आत येत नाहीत, पाठवणाऱ्याकडे परत जातात. ते कुठे साठून राहिलेले नसतात आणि जागा केल्यावर आपोआप येतीलच असंही नाही. या दहा दिवसांत ज्यांचे मेल यायचे होते त्यांना पुन्हा पाठवायला सांगावं लागेल.

जागा करायला व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये व्हिडिओ वगळा आणि नवा बॅकअप घ्या. मग जीमेलमध्ये ‘लार्जर:१०एम’ शोधा. दहा एमबीच्या वरचे मेल समोर येतील, त्यातले नको ते डिलीट करा. बिन रिकामं केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही हे खरं, पण रिकामं करण्याआधी ते एकदा वरून खालपर्यंत चाळा. घाईत बिन रिकामं केलं आणि हवा तो मेल त्यातच होता, अशी पत्रं आम्हाला नेहमी येतात आणि त्यांना देण्यासारखं उत्तर नसतं.

जागा शिल्लक आहे आणि तरी फोनवर नवे मेल नाहीत, असं असेल तर सेटिंग्जमध्ये आपलं खातं उघडून ‘सिंक जीमेल’वर खूण आहे का बघा.

महिनाभर बँकेचे मेल येत नाहीत. बँक म्हणते, पाठवले आहेत. एसएमएस येतात. जागा भरपूर आहे.
एक वाचक, लातूर

हा प्रश्न आज संध्याकाळपर्यंतसुद्धा लांबवू नका. दोन कारणं संभवतात. एक निरुपद्रवी आहे: बँकेकडे नोंदवलेल्या पत्त्यात एखादं अक्षर चुकलेलं असतं आणि मेल भलतीकडेच जातो. शाखेत जाऊन पत्ता अक्षर-अक्षर वाचून घ्या. जीमेलच्या पत्त्यातल्या टिंबाने फरक पडत नाही, अक्षराने पडतो.

दुसरं कारण गंभीर आहे. तुमचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला असेल तर तो माणूस खात्यात फिल्टर बसवून ठेवतो: बँकेकडून मेल आला की न दाखवता डिलीट कर, किंवा माझ्याकडे पाठव. खात्यातून पैसे गेल्याचं कळू नये म्हणून हे केलं जातं. हे फिल्टर फोनच्या ॲपमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे कॉम्प्युटरवरच बघावं लागतं. सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस’ उघडा. ‘स्किप इनबॉक्स’ किंवा ‘डिलीट इट’ असलेली, तुम्ही न लावलेली ओळ दिसली तर तिचा फोटो काढून ठेवा आणि मग ती काढून टाका. शेजारच्या ‘फॉरवर्डिंग’मध्ये अनोळखी पत्ता आहे का तेही बघा. इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे बारीक अक्षरांत ‘डीटेल्स’ आहे, तिथे खातं अलीकडे कुठून उघडलं गेलं ते कळतं.

काहीही संशयास्पद निघालं तर पासवर्ड बदला, बाकीच्या सगळ्या उपकरणांवरून खातं साइन आउट करा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पुसले गेलेले मेल तीस दिवसांच्या आतले असतील तर अजून बिनमध्ये आहेत.

मी मेल पाठवला, समोरचे म्हणतात मिळाला नाही.
एक वाचक, रत्नागिरी

‘सेंट’मध्ये बघा. तिथे नसेल तर ‘आउटबॉक्स’, ‘शेड्यूल्ड’ आणि ‘ड्राफ्ट्स’. नेट गेलं असताना पाठवलेला मेल आउटबॉक्समध्ये अडकतो. सेंटमध्ये असेल तर त्यावरचा ‘टू’चा पूर्ण पत्ता उघडून वाचा. नावाची दोन अक्षरं टाकली की जीमेल ओळखीचा पत्ता सुचवतं आणि एकाच नावाच्या दोघांत गल्लत होते. ‘मेल डिलिव्हरी सबसिस्टिम’कडून काही आलंय का तेही बघा, मेल परत आल्याचं कारण त्यात असतं.

दोन महिन्यांपूर्वी डिलीट केलेला मेल हवा आहे. इंटरनेटवर जीमेलचा कस्टमर केअर नंबर मिळाला. ते म्हणतात, तीन हजार रुपये भरा आणि एक ॲप टाका, काढून देतो. भरू का?
एक वाचक, फोंडा, गोवा

भरू नका, ॲप टाकू नका आणि टाकलं असेल तर आत्ता काढा. मोफत जीमेल खात्यासाठी मेल काढून देणारा गूगलचा असा फोन नंबर नाही. ते ॲप तुमची स्क्रीन त्यांना दाखवण्यासाठी असतं आणि पुढे ओटीपी वाचून पैसे काढले जातात.

तीस दिवस उलटून बिनमधून गेलेला मेल परत येत नाही. खात्यात कुणी घुसून मेल पुसले असतील तर गूगलच्या मदत पानावर हरवलेल्या मेलसाठी एक फॉर्म आहे, तो विनामूल्य भरता येतो. काही वेळा मेल परत मिळतात, पण खात्री नाही. खातं ऑफिसचं किंवा कॉलेजचं असेल तर तिथल्या ॲडमिनला सांगा. बिनमधून पुसल्यानंतर २५ दिवसांपर्यंत तो परत आणू शकतो.

घरात जुना फोन पडलेला असेल आणि तो डिलीट केल्यापासून नेटला जोडलेला नसेल तर एक मार्ग आहे. सिमकार्ड काढा, वायफायचा राउटर बंद करा, मगच फोन सुरू करा आणि लगेच एअरप्लेन मोड लावा. आता जीमेल उघडा. ॲप साधारणपणे शेवटच्या तीस दिवसांचे मेल फोनमध्ये ठेवतं, त्यात तो असू शकतो. दिसला तर दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा. नेट चालू केलं की ॲप गूगलशी जुळवून घेईल आणि तोही जाईल.

नाहीतर मेलचा नाद सोडून कागद मूळ ठिकाणी मागा. रेल्वेचं तिकीट आयआरसीटीसीच्या खात्यात, आयकराचं सूचनापत्र ई-फायलिंग पोर्टलवर आणि विम्याची पावती कंपनीच्या संकेतस्थळावर बघता येते. आणि व्यक्तीने पाठवलेला मेल असेल तर तो तिच्या ‘सेंट’मध्ये आहे, तिला पुन्हा पाठवायला सांगणं सगळ्यात सोपं.

आई-बाबा पुण्यात आउटलुक आणि याहू वापरतात. त्यांना फोनवरून काय सांगू?
एक वाचक, न्यू जर्सी

याहूसाठी घाई करा. तिथे ‘ट्रॅश’मधला मेल सातच दिवस राहतो. आउटलुक डॉट कॉमवर आधी ‘फोकस्ड’च्या शेजारचं ‘अदर’ बघायला सांगा, हरवला म्हणून ओरड झालेले बरेच मेल तिथेच निघतात. मग ‘डिलीटेड आयटम्स’. तिथेही नसेल तर त्याच फोल्डरच्या वर ‘रिकव्हर आयटम्स’ची ओळ असते. ती कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडायला सांगा आणि तुम्ही फोनवर थांबा, म्हणजे ते काय दाबतात ते तुम्हाला कळत राहील.